दिवसा कॉफी, रात्री सौम्य मद्य : एका व्यवसायाचा विचार



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर बुटीबोरीकडे राहणारे एक तरुण दांपत्य आम्हांस भेटावयास आले. पतीने अकरा वर्षे कारखान्यात नोकरी केली असून आता स्वतःचा व्यवसाय उभारण्याचा त्याचा मानस आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाताशी आहे, रस्त्यालगत भाड्याचा गाळा पाहून ठेवला आहे. सकाळपासून सायंकाळपर्यंत कॉफी शॉप चालवावे आणि रात्री त्याच जागी बिअर, वाईन यांसारखे सौम्य मद्य द्यावे, अशी त्याची कल्पना. पुण्यात त्याने असे एक ठिकाण पाहिले होते. पत्नी बराच वेळ गप्प होती. निघताना मात्र ती म्हणाली, "फादर, माझ्या बाबांची सुरुवात बिअरपासूनच झाली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

त्या दिवशी आम्ही काहीच उत्तर दिले नाही. प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याला "हो" किंवा "नको" असे एका शब्दात उत्तर देणे अन्यायाचे ठरले असते. आपल्या धर्मग्रामांतील इतर काही तरुणांच्या मनातही असे बेत घोळत असतील. म्हणून या व्यवसायाचे स्वरूप, कायदा, हिशेब आणि त्यातील धोका यांविषयी आम्ही जे जाणून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

बुटीबोरीचे स्थान

नागपूरहून दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मोठ्या वसाहतींपैकी एक येथे आहे. इंडोरामा, सिएट यांसारखे कारखाने तेथे चालतात. एकेकाळचे हे गाव आज नगर परिषदेचे शहर झाले आहे. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. त्यातील एक मार्ग मिहानपासून बुटीबोरी औद्योगिक वसाहतीपर्यंत न्यावयाचा आहे. कारखान्यांत पाळ्या चालतात, आणि दुसरी पाळी सुटते तेव्हा बहुतेक दुकानांची दारे बंद झालेली असतात. घरापासून दूर, खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराला त्या वेळी स्वच्छ जागी बसून काही खाण्यापिण्याची सोय हवी असते. ही गरज खरी आहे आणि त्या तरुणाने ती बरोबर ओळखली आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरून वर्ध्याचा रस्ता बुटीबोरीलाच फुटतो. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, त्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली ती लागू झाली आणि २०२१ साली उठविण्यात आली. म्हणजे बुटीबोरी हे दारूबंदी असलेल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरचे ठिकाण आहे. येथे मद्य देणाऱ्या जागेचा काही ग्राहकवर्ग पलीकडून येईल, आणि रात्री तो दुचाकीवरूनच परत जाईल. मुंबई-पुण्यातील मालकाला हा विचार करावा लागत नाही. बुटीबोरीतील मालकाला तो पहिल्याच दिवशी करावा लागेल.

ही कल्पना नवी नाही

एकाच जागी दिवसा कॉफी आणि सायंकाळी मद्य देण्याची पद्धत इटलीत फार जुनी आहे. रोममध्ये शिकून आलेले आपले धर्मगुरू सांगतात की, तेथे "बार" म्हणजे प्रथमतः कॉफीचे दुकान. सकाळी लोक फळीशी उभे राहून दोन घोटांत कॉफी संपवितात आणि कामाला जातात. सायंकाळी जेवणापूर्वी त्याच फळीवर वर्मुथ किंवा तत्सम पेयाचा एक पेला आणि त्यासोबत काही खाणे मिळते. त्यानंतर माणसे घरी जेवावयास जातात. या पद्धतीत मद्य हे जेवणाच्या आधीचे थोडके पेय असते. त्यासाठी रात्र काढली जात नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईतील इराणी हॉटेलांचे आहे. धोबीतलावावरील क्यानी १९०४ सालचे, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ सालचे. चहा, बनमस्का, मावा केक यांवर पिढ्यान्पिढ्या त्यांनी गिऱ्हाईक सांभाळले. दारूबंदीचे नियम पुढे सैल झाले तेव्हा काही इराण्यांनी बिअरचा परवाना घेतला. फोर्टमधील कॅफे मिलिटरी (१९३३) आणि कुलाब्याचे कॅफे मोंडेगार (१९३२) ही त्यांतली प्रसिद्ध नावे. मोंडेगारच्या भिंतींवर आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी मुंबईचे जीवन रंगविले आहे. एकेकाळी मुंबईत शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले आज मोजकीच उरली आहेत. जी बिअरकडे वळून टिकली, त्यांच्याकडे आधीपासून चालत आलेले खाणे होते, मोक्याची जागा होती आणि ओळखीचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. बिअर त्यांना नंतर जोडली गेली.

याउलट उदाहरण अमेरिकेतील आहे. स्टारबक्स या मोठ्या कॉफी कंपनीने २०१० साली सिएटल येथे सायंकाळी बिअर, वाईन आणि हलके खाणे देण्यास सुरुवात केली. पुढे चारशेहून अधिक दुकानांत ही योजना पोहोचली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने ती आपल्या त्या सर्व दुकानांतून बंद केली आणि खाद्यपदार्थांकडे लक्ष वळविले. भांडवल, नाव आणि जागा या तिन्ही गोष्टी असूनही कॉफीच्या दुकानात सायंकाळी मद्य घ्यावयास लोक पुरेसे येतीलच असे नाही, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

"सौम्य" म्हणजे किती?

या बेतातील सर्वांत फसवा शब्द "सौम्य" हा आहे. आपण साधे गणित करून पाहू. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीलिटरची असते. सौम्य बिअरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, म्हणजे एका बाटलीत साडेबत्तीस मिलीलिटर. व्हिस्कीच्या ६० मिलीलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ४२.८ टक्क्यांप्रमाणे सुमारे २६ मिलीलिटर मद्यार्क असतो. म्हणजे "मी फक्त एक बिअर घेतो" असे म्हणणाऱ्याच्या पोटात व्हिस्कीचा मोठा पेग घेणाऱ्यापेक्षा अधिक मद्यार्क जातो. ८ टक्के तीव्रतेची "स्ट्राँग" बाटली असेल तर हे प्रमाण ५२ मिलीलिटर, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतके होते. वाईनच्या १५० मिलीलिटरच्या पेल्यात, १३ टक्क्यांप्रमाणे, सुमारे साडेएकोणीस मिलीलिटर मद्यार्क असतो.

सौम्य बिअरच्या त्या एका बाटलीतील मद्यार्काचे वजन सुमारे २५ ग्रॅम भरते. आपले यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क निकाली काढू शकते, म्हणून एका बाटलीला सुमारे तीन तास लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्ताच्या १०० मिलीलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे गुन्हा ठरतो. साधारण बांध्याच्या माणसाने एक बाटली घाईने संपविली तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांचा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कॉफीविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. कडक कॉफी प्याल्याने नशा उतरते, असे अनेकांना वाटते. कॅफीनमुळे झोप उडते, परंतु रक्तातील मद्यार्क लवकर कमी होत नाही. उलट माणसाला आपण सावध आहोत असे वाटू लागते आणि तो अधिक पितो किंवा गाडीवर बसतो. मद्यार्कात कॅफीन मिसळून विकणाऱ्या काही उत्पादकांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली याच कारणाने इशारा दिला होता. ज्या दुकानात दोन्ही पेये एकाच फळीवर मिळतात, त्या दुकानाच्या मालकाला हे ठाऊक असावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्यास निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

कायदा काय मागतो?

महाराष्ट्रात हा विषय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतो. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत मिळतात. परमिट रूमचा परवाना (एफएल-३) निराळा आणि केवळ बिअर किंवा वाईनसारख्या सौम्य मद्याचे परवाने निराळे. अर्जापूर्वी कोणता परवाना लागेल, हे नागपूर येथील अधीक्षक कार्यालयात विचारून घेणे उत्तम. बिअर व वाईनसाठी ग्राहकाचे वय किमान २१ आणि इतर मद्यासाठी २५ असावे लागते. पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांस मिळतो.

परवाना मंजूर नकाशातील जागेपुरताच असतो. नकाशात दाखविलेल्या भागाबाहेर मद्य देता येत नाही. त्यामुळे दिवसा जेथे विद्यार्थी कॉफी पितात, त्याच मेजांवर दिवे मंद करून रात्री बिअर मांडावी, असा सोपा बेत येथे चालत नाही. शाळा आणि पूजास्थाने यांपासून ठराविक अंतर राखावे लागते. महामार्गाचा प्रश्न तर बुटीबोरीत अटळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. जुलै २०१७ मध्ये, ही मनाई नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना लागू होत नाही, असे स्पष्टीकरण न्यायालयाने दिले. म्हणून पाहिलेला गाळा नगर परिषदेच्या हद्दीत आहे की बाहेर, हे भाडेकरार करण्याआधी कागदावर पाहून घ्यावे. नंतर पाहिल्यास अनामत रक्कम अडकून पडते.

लोकमताचीही तरतूद आहे. २००८ च्या आदेशानुसार ठराविक प्रमाणात मतदारांनी मागणी केल्यास "उभी बाटली की आडवी बाटली" असे मतदान होते आणि आडवी बाटली जिंकल्यास परवाना बंद होतो. राज्यात अनेक गावांत महिलांनी अशी दुकाने बंद केली आहेत. शेजारच्या घरांतील स्त्रिया आपल्या व्यवसायाकडे कोणत्या नजरेने पाहतात, हा म्हणूनच केवळ भलेपणाचा प्रश्न उरत नाही.

हिशेबाची बाजू

मालकांना हा बेत का मोहवितो, हे समजून घेतले पाहिजे. समजा, गाळ्याचे भाडे महिना ४० हजार रुपये आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १,३३३ रुपये. दुकान आठ तास उघडे असेल तर दर तासाला सुमारे १६७ रुपये भाडे पडते. पंधरा तास उघडे असेल तर सुमारे ८९ रुपये. कॉफी पिणारा एका पेल्यावर दीड तास बसतो, मद्य घेणारा खाण्यासह दोनतीनदा मागवितो. यंत्र, खुर्च्या, पंखे तेच. कागदावर हे गणित सुंदर दिसते.

परंतु काही खर्च त्या कागदावर येत नाहीत. पंधरा तासांसाठी कामगारांची दुसरी तुकडी लागते. पतिपत्नी दोघेच सकाळी आठ ते रात्री अकरा फळीमागे उभे राहू लागले तर वर्षभरात प्रकृती आणि संसार दोन्ही थकतात. परवान्याचे शुल्क ग्राहक येवोत न येवोत, दरवर्षी भरावे लागते. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यामुळे कॉफी व खाद्यपदार्थांना एक कर आणि मद्याला राज्याचा मूल्यवर्धित कर, असे दोन निराळे हिशेब ठेवावे लागतात. परमिट रूममधील मद्यावरील हा कर २०२३ साली ५ वरून १० टक्क्यांवर नेण्यात आला. सरकारला महसूल हवा असतो तेव्हा मद्यावरील कर प्रथम वाढतो, हे गृहीत धरूनच भांडवल घालावे.

सर्वांत मोठा धोका आणखी निराळा आहे. रात्रीचा गल्ला मोठा दिसू लागला की मालकाचे लक्ष सकाळवरून उडते. दूध उशिरा येते, फळीला रात्रीचा वास राहतो, सकाळी येणाऱ्या मुली आणि कुटुंबे हळूहळू येईनाशी होतात. मग दिवसाचे दुकान केवळ नावाला उरते आणि आपण बार चालवीत आहोत हे मालकाला उशिरा कळते. त्या तरुणाने आम्हांस बार काढण्याविषयी विचारले नव्हते. कॉफी शॉपविषयी विचारले होते. हा फरक टिकविणे हेच या व्यवसायातील खरे काम आहे, असे आमचे मत झाले आहे.

फरक कसा टिकवावा?

अनुभवी व्यावसायिकांशी बोलून आणि वरील उदाहरणे पाहून आम्हांस पुढील गोष्टी आवश्यक वाटतात. मद्याची खोली वेगळी असावी आणि शक्य असल्यास तिचे दारही वेगळे असावे. कॉफी, चहा आणि गरम खाणे दुकान बंद होईपर्यंत मिळावे, म्हणजे रात्रपाळीच्या ज्या कामगाराला मद्य नको त्याला संकोच वाटणार नाही. खाण्यावाचून मद्य देऊ नये. शेवटची मागणी परवान्याच्या वेळेआधी पुरेशी लवकर घ्यावी. "स्ट्राँग" बाटली ठेवूच नये. ती ठेवली की "सौम्य" हा शब्द खोटा ठरतो. गाडी घेऊन आलेल्याला नाही म्हणण्याची सवय नोकरांना लावावी आणि ओळखीचे रिक्षावाले हाताशी ठेवावेत. फळीमागे पिणारा माणूस नेमू नये; मालकानेही तेथे पिऊ नये.

आणि उधारी कधीही देऊ नये. पगारावर जगणाऱ्या वस्तीत मद्याची वही उघडली की महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला पगार घरी जाण्याआधी दुकानात येतो. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट (१८५६–१९२५) याची कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ऐन तारुण्यात त्याची सारी मजुरी दारूत जात असे. १८८४ साली एकदा काम नसल्याने हाती पैसे नव्हते, तेव्हा तो मद्यगृहाबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते, त्यांतील कोणीही त्याला आत बोलाविले नाही. त्याच दिवशी त्याने मद्यत्यागाची शपथ घेतली आणि मरेपर्यंत पाळली. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला "वंदनीय" घोषित केले. फळीमागे उभ्या राहणाऱ्याने ही कथा फळीच्या त्या बाजूने वाचावी : आपल्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मॅटचे आपण काय करणार आहोत?

आपल्या श्रद्धेत मद्य स्वतः पाप मानलेले नाही. काना येथील लग्नात प्रभू येशूने द्राक्षारस कमी पडू दिला नाही, आणि मिस्साबलिदानात आपण तो वेदीवर अर्पण करतो. त्याच वेळी अन्न, मद्य, तंबाखू यांचा अतिरेक टाळणे हा संयमाचा भाग आहे, आणि नशेत वाहन चालवून इतरांचे जीवित धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे ख्रिस्तसभेच्या श्रद्धाशिक्षणात (क्रमांक २२९०) सांगितले आहे. पिणाऱ्याला लागू असलेली ही शिकवण पाजणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीलाही लागू होते, असे आम्हांस वाटते.

शेवटी

त्या दांपत्याला आम्ही पुन्हा बोलाविले. पहिले एक वर्ष केवळ कॉफी आणि खाण्याचे दुकान चालवावे, तेही दुसरी पाळी सुटेपर्यंत उघडे ठेवावे, असे आम्ही सुचविले. पाळीवरून थकून आलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता गरम पोहे आणि कॉफी देणारी जागा कदाचित मद्याशिवायही चालेल. वर्षभराने दिवसाचे दुकान स्वतःच्या पायावर उभे असेल, तरच परवान्याचा विचार करावा; आणि तो निर्णय दोघांच्या संमतीने घ्यावा, एकट्या पतीने नव्हे. कारण या प्रश्नाची दुसरी बाजू पत्नीने आपल्या माहेरी पाहिली आहे, आणि तो अनुभव कोणत्याही हिशेबाच्या कागदापेक्षा कमी मोलाचा नाही.

पती थोडा हिरमुसला होता. "फादर, वर्षभर कॉफीवर भाडं निघेल का?" असे त्याने विचारले. निघेलच असे आम्हांस सांगता आले नाही. पत्नीने मात्र प्रथमच हिशेबाची वही स्वतःकडे ओढून घेतली आणि पोह्यांच्या एका प्लेटचा खर्च मांडावयास सुरुवात केली. त्यांच्या कष्टांना परमेश्वराने यश द्यावे, आणि अशा प्रश्नाशी झगडणाऱ्या आपल्या सर्व तरुणांना योग्य निर्णयाची सुबुद्धी लाभावी, हीच प्रार्थना.